एका डोळ्याचा गणपती

सोमवार, संध्याकाळ. पेण

टीव्हीवाला सारखा सांगतोय, बाजार एवढा पडला, आजचा दिवस सगळ्यांच्या लक्षात राहील. माझ्या राहीलच, पण माझं कारण निराळं.

दुपारी कारखान्यात मी गणपतीचे डोळे काढत होते. दोन्ही एका बैठकीत काढायचे ही आमची रीत. एक झाला आणि फोनवर बघितलं तर सगळं लाल. ब्रश टाकला, मोरीत गेले आणि माझे सगळे शेअर विकून आले. बाहेर सुलभा उभी. माझ्या शेजारी बसून रंग देते ती. माझंच ऐकून तिने पोरीच्या फीचे पैसे शेअरमध्ये घातलेत.

"ताय, विकू काय गो? तू विकलेस काय?"

"मी कशाला विकू? ठेव. घाबरट कुठली! येल वर."

का बोलले असं? शहाणी म्हणून मिरवायची सवय, दुसरं काय. मी घाबरले म्हणायला जीभ वळली नाय.

"तू हायस म्हणून धीर हाय," म्हणाली आणि मला चहा आणून दिला. तो पण प्यायले मी.

नंतर बाजार आणखी पडला. दुसरा डोळा काही काढता येईना. शेठ ओरडले, "देवाला काणा ठेवतेस काय?" उजेड गेला म्हणून सांगितलं. हे आणखी एक खोटं.

उद्या बाजार वर आला तर सुलभा माझ्याच पाया पडेल, तुझ्यामुळे वाचले म्हणून. त्याचीच भीती जास्त वाटते. नाय, सकाळी बाजार उघडायच्या आधी तिला सांगायचं. घालू दे शिव्या. मगच तो दुसरा डोळा काढीन.