एका रविवारपुरते दाजी

२६ ऑक्टोबर

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहेत, आणि नेमकी तीच अडचण झाली आहे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आपल्या चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची आठवण करतात, ते तुला ठाऊकच आहे. प्रत्येकाच्या नावाची एक रिकामी खुर्ची पुढे मांडायची, फादरनी नाव वाचायचं, मी घंटेचा टोला द्यायचा, मग ज्याला वाटेल त्याने उठून दोन शब्द बोलायचे. गेल्या साली अकरा खुर्च्या होत्या. यंदा भोपळा! गावात एकही माणूस गेलेलं नाही. डॉक्टर कॉलर ताठ करून फिरतात आणि कबरी खणणारा कोणाशी धड बोलत नाही.

गाणाऱ्या बायकांनी तीन महिने तालीम केली आहे, आता माघार कशी घ्यायची? जुन्या पोस्टमास्तरीणबाई शहाण्णव वर्षांच्या. लोक त्यांच्या प्रकृतीची इतक्या आस्थेने चौकशी करायला लागले की त्यांनी रागाच्या भरात रोज सकाळी फिरायला जायला सुरुवात केली. शेजारच्या गावात चौदा झालेत, म्हणून चर्चच्या समितीने मला तिकडे एखादा उसना मागायला पाठवलं. त्यांनी चहा पाजला आणि आमची माणसं आम्हाला जड झालेली नाहीत, असं सांगून वाटेला लावलं.

तेव्हा ताई, रागावू नकोस. दाजींना एका रविवारपुरतं देशील का? फेब्रुवारीत गेले ते शहरात, पण तीस वर्षं प्रत्येक उन्हाळा त्यांनी इथे काढला, हे समितीला मान्य आहे.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू दे.

तुझा धाकटा


३१ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिला, खरं तर तुझा कान पिळायला हवा. माणूस म्हणजे काय शिडी आहे, लागली की मागून न्यायला?

हे गेले ते टेबलाशीच, घड्याळ दुरुस्त करता करता, मी बाजारात होते. तेव्हापासून ते गेले हे मी कोणाजवळ बोललेली नाही. लिहिताना जमतं, तोंडाने जमत नाही. खालच्या मजल्यावरची शिंपीण विचारते, तिला सांगते, दुरुस्तीच्या कामाला बाहेरगावी गेलेत. नऊ महिन्यांची दुरुस्ती! ती बिचारी मान डोलावते. अंत्यविधीला ती माझ्या शेजारीच उभी होती.

मग भर चर्चमध्ये ते नाव मी कसं ऐकू? नाही म्हणजे नाही. थंडी पडली असेल, कानटोपी घालत जा.

तुझी ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा नकार समितीला कळवला. पण तुझा होकार गृहीत धरून फादरनी आधीच दारावर कागद लावला होता की, दाजींबद्दल ज्यांना बोलायचं असेल त्यांनी नाव लिहावं. गेल्या साली अकरा जणांत मिळून सहा बोलणारे होते. दाजींसाठी बावीस, आणि झाडून सगळ्यांच्या तक्रारी!

बेकरीवाला म्हणतो, त्यांनी मनोऱ्याचं घड्याळ दुरुस्त केलं तेव्हापासून ते सात मिनिटं पुढे आहे, आणि विचारलं तर चूक सूर्याची आहे म्हणाले. सुतार म्हणतो, गिरमिट नेलं ते परत आणलं नाही. गाणाऱ्या बायकांचं म्हणणं, ते प्रवचनात घोरायचे, आणि घोरणं सुरातही नसायचं. हे स्मरण आहे, खटला नाही, असं फादर हात जोडून सांगतात. ऐकतो कोण?

खुर्ची मांडून झाली आहे. तू म्हणशील तर उचलतो. पण तो कागद वाचताना मला आधी हसू आलं आणि मग रुमाल काढावा लागला.

मोठ्या मनाने सांभाळून घे.

तुझा धाकटा


१३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गिरमिट परत दिलं होतं! मी स्वतः सुताराच्या बायकोच्या हातात दिलं. हे उत्तर द्यायला नाहीत म्हणून लोकांनी वाटेल ते बोलायचं? आदल्या दिवशी शनिवारच्या बसने येते. खुर्ची हलवू नकोस.

तुझी ताई


३० नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. घसा पार बसला आहे. एकवीस जणांना उत्तरं देणं म्हणजे चेष्टा नाही. सुताराच्या बायकोने मात्र गिरमिट माळ्यावर असल्याचं सगळ्यांसमोर कबूल केलं. पोस्टमास्तरीणबाईंना हसून हसून असा ठसका लागला की डॉक्टर धावले, आणि समितीचे दोघं जरा सावरून बसले. मला वाटलं, जिंकले मी.

मग फादरनी बाविसावं नाव पुकारलं आणि तू उभा राहिलास. त्या कागदावर तूही आहेस हे मला सांगितलं नव्हतंस. तुझी तक्रार एवढीच की दाजी न सांगता गेले.

उत्तर द्यायला मी उठले खरी. माझीही तीच तक्रार होती, रे. नऊ महिने ती कोणाकडे करायची हेच कळत नव्हतं. ते गेले, आणि मला न सांगता गेले, असं मी म्हणाले. पुढचं तू पाहिलंसच. एवढं मोठ्याने रडताना मला आईनेही कधी पाहिलं नसेल. पण कोणी उठून गेलं नाही. सगळे तक्रारदार चहा गार होईपर्यंत माझ्याबरोबर बसून राहिले.

आज सकाळी उठले आणि घरात मी एकटी आहे, असं मोठ्याने म्हणून पाहिलं. म्हणता आलं.

तुम्हा सगळ्यांचा लोभ आता मला लागणार आहे, तो असू द्या.

तुझी ताई