मागची खोली, भाऊजींचे इंजीन आणि माझा विरोध यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, सध्या रजेवर असलेली संस्कृतची शिक्षिका, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. उद्या डॉक्टर माझे हृदय उघडणार आहेत. ते नीट बंद झाले, तर हा कागद फाडावा. दबाव कोणाचाही नाही. धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, दारात उभे आहेत, पण ते नेहमीच असतात.

१. घर व बँकेतील शिल्लक मुलीला.

२. मागची खोली मात्र भाऊजींच्या हयातीपर्यंत त्यांच्याच वहिवाटीत राहील. मुलीला ती भाड्याने द्यायची आहे. “आई, काकांचं इंजीन जागचं हललेलं नाही,” असे ती म्हणते. खरे आहे. तरीही द्यायची नाही. इंजीन ज्यावर बसवले आहे तो तारेला टांगलेला त्यांचा तराजू एकदा उतरला, की ते तो पुन्हा कुठेही मांडणार नाहीत; मी त्यांना ओळखते.

३. वाद असा. भाऊजींच्या मते जडत्व म्हणजे दूरच्या ताऱ्यांच्या गुरुत्वाची पकड. इंजिनाने ती क्षणभर सैल केली, की मागे काहीही न फेकता यान पुढे जाईल. मी विचारले, “एवढ्या लांबून पकडायला ताऱ्यांना दुसरे उद्योग नाहीत?”

“वहिनी, तुम्ही माहेरी बसून दादाला पकडून ठेवायचातच की!”



गेल्या हिवाळ्यात तराजूवरच्या आरशातून भिंतीवर पडणारा प्रकाशाचा ठिपका बोटभर सरकला. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. मी इंजीन बंद केले. ठिपका सरकतच राहिला. तार तापून पिळली गेली होती. “हेच तर जडत्व!” असे ते म्हणाले.

४. माझा विरोध मी मुलीला देते. रीत अशी: आधी पूर्वपक्ष, म्हणजे काकांचे म्हणणे, असे मांडायचे की त्यांनीच म्हणावे, “हो, हेच.” मगच खोडायचे. नुसती मान डोलावणारे त्यांना पुष्कळ भेटतील. घरात तसे कोणी नसावे.

५. इंजीन उलट्या तोंडाने टांगून पाहायचे राहिले आहे. ठिपका उलटा गेला, तर ढकलणारे इंजीनच, तार नव्हे; मग मुलीने माझ्या वतीने “भाऊजी, जिंकलात” असे मोठ्याने म्हणावे. पण-परंतु जोडू नये.

हे वाचून दाखवताच भाऊजी म्हणाले, “पाचवं खोडा. तुम्ही आल्याशिवाय मी ते फिरवणार नाही.”

लाभार्थ्याला दुरुस्तीचा अधिकार नाही, असे मी सांगितले.

“मग तसं बजावायला घरी या.”

कलम तसेच ठेवले आहे. येण्याचा प्रयत्न करीन.

साक्षीदार: समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई (सही), गल्लीच्या तोंडचे चष्मेवाले (सही)
लिहून ठेवणार: भाऊजींची वहिनी (सही)
स्थळ: मागची खोली. दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस.