पंख्याचे वेढे

३ मार्च, सोमवार
आज शटर मी उघडलं. निलेशचा उजवा हात प्लास्टरमध्ये, महिना-दीड महिना तरी. आठवडाभर दुकान बंद, तर जोगेश्वरीची माणसं जळलेले पंखे घेऊन साकीनाक्याला जायला लागली. म्हणाला, "मी सांगतो, तू कर." मी! बारा वर्षांत फक्त डबा घेऊन आलेय इथे.

४ मार्च
तांब्याची तार, केसापेक्षा थोडीच जाड. निलेशच्या स्टुलावर बसून पंख्याच्या मोटरच्या खाचांतून एकेक वेढा घालायचा. उजवा हात फिरवतो, डावा ताण धरतो — दोघांचं काही पटेना. तार तीनदा तुटली. "ओढू नकोस गं. सोडत जा," निलेश म्हणाला. दहाव्यांदा.

९ मार्च
तुटली नाही!

१६ मार्च
पहिला पंखा पूर्ण. नाक्यावरच्या मच्छीवाल्या अंजनाबाईंचा. त्या बघायलाच उभ्या. बटण दाबलं — उलटा फिरला. वारा सगळा छताकडे.
"काय गो अक्षता, वरच्या मजल्यावाल्यांना वारा घालतेस?"
निलेश एवढा हसला की प्लास्टरवाला हात धरून खाली बसला. मग दोन वायरी अदलाबदल केल्या. झाला सुलटा. बाई जाताना पापलेट ठेवून गेल्या.

२९ मार्च
आज गंमत झाली. बहिणीशी, प्रियंकाशी, फोनवर तिच्या पोराच्या परीक्षेबद्दल बोलत होते, फोन खांद्यात अडकवलेला. ठेवला तेव्हा बघते तर अख्खी कॉईल तयार. मोजले — एक वेढा कमी नाही, जास्त नाही. हातांनीच मोजलं असणार. किती वेळ माझ्याच हातांकडे बघत बसले.

६ एप्रिल
समोरच्या सोसायटीचा पाण्याचा पंप जळला. निलेश म्हणाला, "मोठं काम आहे. नाही म्हणूया?"
"सरक बाजूला," मी म्हटलं. माझंच मला नवल वाटलं.

१० एप्रिल
चार दिवस. बोटं सोलली, मान धरली. पण दुपारी पंप सुरू केला, आणि गच्चीवरून वॉचमन ओरडला, "आलं पाणी!" निलेशने डाव्या हाताने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की अजून दुखतेय.

१५ एप्रिल
प्लास्टर निघालं. दवाखान्याचं कार्ड सहज वाचलं. काढायची तारीख सात एप्रिल होती!
"आठवडाभर उगाच घालून फिरलास?"
बोटं हळूहळू उघडत-मिटत म्हणाला, "माझा हात मोकळा झाला असता, तर तू स्टुलावरून उठली असतीस."