आईची ओळ

प्रिय धाकटीस, ताईचे आशीर्वाद.

मी ठीक आहे. गुडघा आता कुरकुरत नाही. मुलगा-सून सकाळीच कामावर जातात. मग संध्याकाळपर्यंत घरात मी आणि फ्रिजचा आवाज. वाचन भरपूर होतं.

मागे सूनबाईने पूर्वज शोधायच्या डीएनए चाचणीची एक नळी पुढे केली. "आई, यात थुंका." जन्मभर पोरांना थुंकू नका म्हणून दटावलं, आणि आता हे! आधी चहा प्यायले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा थुंकावं लागलं.

रिपोर्ट आला. आपली आईकडची ओळ, म्हणजे आईकडून लेकीकडे उतरत जाणारी खूण, फार दुर्मीळ निघाली. हजारो वर्षांपूर्वीच्या कुणा एका बाईपासून ती सुरू झाली. तिच्या लेकी लांब गेल्या, त्यांच्या लेकी आणखी लांब, म्हणून ती थोडी इथे, थोडी समुद्रापलीकडे सापडते. मुलग्यांत ती उतरते, पण त्यांच्या मुलांकडे जात नाही. मला दोन्ही मुलगेच, म्हणजे माझ्यापाशी ती थांबली. ह्यांच्या माघारी त्यांचं काही सापडतं का म्हणून, त्यात नसणार हे ठाऊक असूनही, मी सगळी पानं चाळली.

आता आईचं ते पुढे न्यायला फक्त तुझी लेक आहे. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून तू दोन वर्षं तिच्याशी बोलली नाहीस. परवा तिचं पत्र आलं. तिला मुलगी झाली आहे. तुला कुणी कळवलं का?

मागे फोनवर तू म्हणालीस, "मला लेक नाही." अगं, ते वाक्य माझं आहे. तू नको म्हणूस.

मला उत्तर उशिरा आलं तरी चालेल. आधी तिला फोन कर.

तुझी,
ताई