सोन्याच्या पायातला दोष

ती. हरेशकाका,

नमस्कार. सकाळपासून हे लिहायला बसते आणि उठते.

शर्यतीआधी तुमच्या सोन्या बैलाला तपासायला तुम्ही मला दिवाळे गावी बोलावलंत. मी त्याच्या शेपटीच्या मुळाशी हात लावला, तेव्हा तो शांत उभा होता. तेवढ्यात तुम्ही गोठ्याबाहेरून ओरडलात, "मनू, झाला का? घरची डॉक्टर हायस, मार ना दाखल्यावर सही!" तुमचा आवाज ऐकताच त्याने शेपूट पायांत ओढून घेतली. बैल नवीनच घेतलेला, तरी इतक्यात शिकला.

मी कोर्टाचा विषय काढला, तर हसून म्हणालात, "दंड भरला, विषय खपला." खरं आहे. काठीला खिळे ठोकून बैल पळवल्याबद्दल तुम्हाला शिक्षा झाली, पण पुन्हा बैल पाळू नका असं कोणीच म्हटलं नाही. मलाही फक्त बैल तपासायचा असतो, मालक नाही.

म्हणून मी त्याचा मागचा उजवा पाय अधू असल्याचं लिहून त्याला शर्यतीतून बाद केलं. तुम्ही चिडलात, पण माझ्यावर विश्वास ठेवलात. काका, त्या पायात काहीही दोष नाही. याआधी मी खोटं निदान कधी केलं नव्हतं.

हे पत्र तुम्हाला मिळालं, तर येत्या रविवारीच तुम्ही त्याला पळवाल. म्हणून ते माझ्याकडेच राहील. काकी सांगत होती, तुम्ही रोज त्याचा पाय शेकता, तेल चोळता आणि माझ्या फोनची वाट बघता. पुढच्या शर्यतीला कुठला पाय लिहायचा, ते मला अजून सुचलेलं नाही.

तुमची पुतणी,
मनस्वी