घागरीला पाच बोटं

१० जानेवारी १९९०, बुधवार
बाई मत कोणाला द्यायचं हे नेमकं कधी ठरवते? घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा जिला विचारून करावं लागतं, ती त्या पडद्याआड एकटी उभी राहते तेव्हा कोणाचं ऐकते? मला उत्तर येत नाही. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या, आणि घरात पहिल्याच ग्रॅज्युएट झालेल्या मुलीने हे कबूल करणं बरं दिसत नाही. पण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही.
मायला विचारलं. म्हणाली, "आधी दळण घेऊन ये."
संकल्प: विधानसभेची निवडणूक होईपर्यंत उत्तर शोधून काढणे. शास्त्रशुद्ध पद्धतीने.

१४ जानेवारी, संक्रांत
शिवरुद्र गुरुजी अपक्ष उभे राहणार! रिटायर झाल्यावर माणूस ओट्यावर बसतो. गुरुजी विधानसभेत बसायचं म्हणतात. तालुक्यातल्या गावोगाव त्यांनी शिकवलं. मी कॉलेजला जावं म्हणून आमच्या ओट्यावर दादांसमोर ठाण मांडून बसले होते. चहाही घेतला नाही. दादा शेवटी वैतागून हो म्हणाले.
दादा, म्हणजे माझे वडील, पक्के काँग्रेसवाले. हसले. "गुरुजीला मतं कोण देनार? त्यांच्या हातचा मार न खाल्लेलं एक पोरगं दाव मला तालुक्यात."
मी म्हटलं, निवडून येतील. दादा म्हणाले, "निवडून यायचं सोड मने. नुसतं डिपॉझिट वाचलं, तर तुला औरंगाबादला एम.ए.ला धाडतो. गेलं, तर जिंतूरच्या दत्तरावांच्या पोरासमोर चहा घेऊन उभं ऱ्हायाचं. गुमान."
मी हो म्हटलं. एकूण वैध मतांचा सहावा हिस्सा मिळाला की डिपॉझिट वाचतं. फक्त सहावा! दादांनी पुस्तक वाचलेलं नाही, म्हणून अशी पैज लावली. वाईट वाटलं त्यांचं.

२८ जानेवारी, रविवार
मायसोबत घरोघर हळदीकुंकवाला हिंडले. प्रत्येक घरी गुरुजींचं नाव काढलं. प्रत्येक घरी "व्हय बाई, त्यांनाच की". एकही बाई नाही म्हणाली नाही. एवढा एकमुखी पाठिंबा मी पुस्तकातही वाचलेला नाही.
धाकटा भाऊ बन्सीधर सध्या भगवा शेला घालून भिंतींवर धनुष्यबाण रंगवतो. तो म्हणतो, याच बायका त्यालाही व्हय म्हणाल्या, आणि दादांच्या प्रचाराच्या जीपलाही. बन्सीला स्त्रियांचं मानसशास्त्र कळत नाही. बारावीला दोनदा बसलाय.
माय म्हणाली, "येड्ये, हळदीकुंकवाला आलेल्याला न्हाई म्हनत असतेत व्हय कुनी?"
मायचं मत नोंदवून ठेवते. पण तिचा विषय राज्यशास्त्र नव्हता.

५ फेब्रुवारी
माझं भाकीत, तारखेसकट लिहून ठेवते: राज्यात काँग्रेसला या खेपेला बहुमत मिळणार नाही. अपक्षांच्या दाराशी मोटारी उभ्या राहतील. म्हणजे गुरुजींच्या दाराशीही. गुरुजींच्या घरासमोर गटार उघडी आहे, तिच्यावर फरशी टाकून घ्यायला सांगितलं पाहिजे.
दादांना वाचून दाखवलं. म्हणाले, मागच्या टायमाला एकशे एकसष्ट होते, आता दोनशे होतील, आणि तू ताक घुसळ.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
चिन्ह मिळालं. घागर. यापेक्षा चांगलं चिन्ह असूच शकत नाही. रोज प्रत्येक बाईच्या डोक्यावर आपला प्रचार! गुरुजींच्या पत्नी चन्नबसम्मा मात्र नाराज. "शिडी मागितली व्हती मी. घागरी काय, फुटत्यात." मी त्यांना प्रतीकांचं महत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी ऐकता ऐकता अख्खी मेथी निवडली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
चावडीपुढे गुरुजींची सभा. कोणीतरी मुद्दाम विचारलं, विद्यापीठाच्या नामांतराचं काय? मी मनात म्हटलं, गुरुजी, जपून. गुरुजी जपून बोलत नाहीत. म्हणाले, बाबासाहेबांचं नाव द्यायलाच पाहिजे, आणि हे मी मत मागायच्या आधी सांगतो, नंतर नाही.
मला रडू आलं, अभिमानाने. अर्धी माणसं चहाला उठली. उरलेले विचारमग्न होते. चंद्रभानमामा तर इतके विचारमग्न होते की सभा संपल्यावर हलवून उठवावं लागलं. मामा आपले पोलिंग एजंट आहेत.
दादा म्हणाले, "झालं. गेलं डिपॉझिट." मी म्हटलं, सत्याला मत मिळतंच. दादा म्हणाले, "सत्याचं नाव न्हाई ना यादीत."

१७ फेब्रुवारी, शनिवार
मोठी कल्पना सुचली. बायकांची मतं नेहमी बाद होतात, कारण त्यांना शिकवतच नाही कोणी. मी शिकवणार. पुड्याच्या कागदावर मतपत्रिका काढली: पंजा, धनुष्यबाण, घागर, खाली आणखी दोन. शिक्का कुठून आणायचा? शाळेतला कुलपात. मग लक्षात आलं, कुंकू घरोघर असतं! बोट कुंकवात बुडवायचं आणि घागरीवर टेकवायचं. खर्च नाही, आणि बायकांना आपलंसं वाटतं. शिक्षणशास्त्र यालाच म्हणतात.
दुपारी आमच्या ओसरीवर गल्ली जमली. किती उत्साह! सुलाबाईंनी एक बोट टेकवलं. पंचफुला म्हणाली, "एकच? घागर म्हंजे कळस की. कळसाला पाच बोटं वढतेत." मग सगळ्यांनी पाच पाच ओढली. मी अडवलं नाही. सहभाग महत्त्वाचा. शिक्का मारायचा असतो हेही सांगितलं, शेवटी. तोवर चहा आला होता.
फक्त दगडाबाई मागे बसल्या. म्हणाल्या, "मी कुंकवाला हात लावत न्हाई बाई." नवरा जाऊन वीस वर्षं झाली. मी त्यांना विधवांच्या हक्कांबद्दल बरंच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "न्याय तू कर माय. मला आधी ते तिथं काय देतेत, त्यानं कसं मारायचं ते दाव." शेवटी भेंडीचा देठ कापून शाईत बुडवून दिला. पाच वेळा ठक ठक मारून बघितलं आणि गेल्या. मन खट्टू झालं. एवढं शिकवल्यावरही जुनं सुटत नाही.

२३ फेब्रुवारी, महाशिवरात्र
कडक उपास. भगर तीनदा.
या आठवड्यात आसपासची आणखी गावं केली. बायका कुंकवाच्या वाट्या घेऊनच येतात आता. एका गावी तर मी पोचायच्या आधीच भिंतीवरच्या प्रचाराच्या घागरीला पाच बोटं ओढलेली, खाली उदबत्ती. गुरुजी म्हणाले, मने, हे जरा जास्त होतंय का? मी म्हटलं, गुरुजी, लाट अशीच असते.

२७ फेब्रुवारी, मंगळवार. मतदान
पहाटेपासून रांग. बायका मारुतीला जाऊन, नव्या लुगड्यांत, पदराच्या गाठीला कुंकवाची पुडी बांधून आल्या होत्या. आतून बाहेर येताना एकेकीचं तोंड बघण्यासारखं. शाई लावलेलं बोट काळं, बाकीची लाल. लोकशाहीचा खरा सण! मायने बाहेर येऊन मला डोळ्यांनी खूण केली: झालं तुझं काम. माझ्या डोळ्यांत पाणी.
दगडाबाई कोरड्या बोटांनी बाहेर आल्या. त्यांचं मत कुठे गेलं असेल देव जाणे.
संध्याकाळी अंदाज: गुरुजी पहिले किंवा दुसरे. डिपॉझिटचा प्रश्नच नाही. ट्रंक माळ्यावरून खाली काढली.

२ मार्च, शुक्रवार. दुपार
रेडिओवर सांगितलं. काँग्रेस एकशे एक्केचाळीस. बहुमताला चार कमी! शिवसेना, भाजप कितीतरी वर आले. सरकारला अपक्षांशिवाय गत्यंतर नाही. माझं भाकीत अक्षर न अक्षर खरं! दादा जेवले नाहीत. बन्सी गुलालात नखशिखांत. मी वही आणून दादांना ५ फेब्रुवारीचं पान दाखवलं. त्यांनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "आनि गुरुजी?"
मामा मोजणीहून अजून आलेले नाहीत.

संध्याकाळ
मामा आले. गुरुजी तिसरे. डिपॉझिट गेलं. थोडक्यात गेलं, दीडशेच्या आत.
मामा आधी हसत होते. म्हणाले, "बाद मतांचा ढीग एका टेबलावर लालभडक दिसायला. बघतो तर घागरीवर पाच पाच बोटं. काहींवर शिक्का बी, वरून कुंकू. दोन-अडीचशे तरी असतील. सायब म्हनले, हे मतदान हाय का घटस्थापना? कलेक्टर हापिसातली मानसं टेबल सोडून बघायला आली."
मग मामांनी माझ्याकडे बघितलं आणि हसायचे थांबले.
शिक्क्याशिवाय कशाचीही खूण केली की मत बाद होतं. हे मला पाठ होतं. पेपरला आलं होतं, पाच मार्कांना.
दादा उठून ट्रंक माळ्यावर ठेवून आले.

३ मार्च, शनिवार
रात्रभर विचार. गल्लीला सांगायचं का? सगळ्या खूश आहेत. पंचफुला म्हणते, गुरुजी पडले ते दुसऱ्या गावांमुळं, आपून तर दिलं. चन्नबसम्मांनी स्वतः येऊन बायकांना साखर वाटली. न सांगणं सोपं होतं. सत्याला मत मिळतंच असं मी कुठेतरी लिहिलंय, ते पान काढलं नाही.
सकाळी घरोघर जाऊन सांगून आले. मत मोजलंच नाही, आणि ते माझ्यामुळे.
सुलाबाईंना पटेना. "मोजलं न्हाई म्हंजे? मी दिलं की." पंचफुला रडली, मग म्हणाली, लगीन व्हऊन पंधरा वर्सं झाली, पहिल्या खेपेला नवऱ्याला न विचारता दिलं व्हतं.
दगडाबाई शेवटी. त्यांनी विचारलं, "भेंडीवानी मारलं ते?" मी म्हटलं, ते चालतं. "मंग गल्लीत माझ्या एकलीचं मोजलं म्हना की." दारात बसून कितीतरी वेळ हसत होत्या. कुंकवानं शिकवायला तुला कोणी सांगितलं होतं, असंही विचारलं. नंतर गूळ-शेंगदाणे दिले.

४ मार्च, रविवार
दादांनी जिंतूरला निरोप धाडायचं काढलं. मी कपबशा पुसायला घेतल्या. पैज ती पैज.
माय बोलली. भाकरी थापता थापता. "आमची मतं धरली तर वाचतं का डिपॉझिट?"
दादा म्हणाले, "धरली तर वाचतं. पन सरकारनं बाद केली ना."
"सरकारनं केली. मी न्हाई केली. माझ्या हातचं कुंकू बाद करनारं सरकार कोन? तुमचं परवा पडलं ते?"
दादा म्हणाले, काँग्रेस पडली न्हाई, चार कमी पडल्यात. माय म्हणाली, "तसंच गुरुजीचं हाय. थोडे कमी पडले. तुमचे चार चालतेत, आमचे चालत न्हाईत व्हय?"
दादांनी पाणी मागितलं. मायने दिलं नाही. म्हणाली, "आनि जिंतूरचे आले, तर चहा तुमीच ठेवा. साखर कुटं ऱ्हाते ते ठाव हाय का?"
निरोप गेला नाही. दादा म्हणाले, उन्हाळा जाऊ दे, मग बघू.
बन्सीने हे सगळं ऐकून विचारलं, मायने मत खरंच घागरीलाच दिलं का? माय म्हणाली, दिलं तिथं दिलं.

१९ जून, मंगळवार
मधले महिने काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं भाकीत सुचलं नाही.
परवा दादा परभणीहून आले. एम.ए.चा फॉर्म माझ्यासमोर टाकला आणि मान न वळवता बैलांकडे गेले. पाराजवळ सांगत असतात म्हणे, आमची मनकर्णा राज्यशास्त्र शिकून आमदार व्हनार, अपक्ष न्हाई, पक्षाकडून. गुरुजींनीही राज्यशास्त्राची जुनी पुस्तकं बांधून ठेवली आहेत. माय एक घागर देणार आहे, होस्टेलवर पाण्याला.
काल रात्री विषयाच्या रकान्यापाशी बराच वेळ पेन धरून बसले. मग इतिहास लिहिलं. जे होऊन गेलं, त्याबद्दल मी बऱ्यापैकी बोलू शकते. पाकीट चिकटवून सकाळच्या डाकेला टाकून आले. दादांना अजून सांगितलं नाही.