आपोआप चालू होणारा पंप

६ नोव्हें.
आज पुन्हा शिवडीला. ह्यांच्या होडीत घोटाभर पाणी. डब्याने उपसून उपसून कंबर गेली. हर्नियाचं ऑपरेशन ह्यांचं, डॉ.नी वाकू नका सांगितलंय ह्यांना, आणि वाकतेय मी! जन्मात जिच्यात पाय ठेवला नाही तिची मोलकरीण झाले. बस झालं. बॅटरीवरचा पंप घ्यायचा.

८ नोव्हें.
लोहार चाळीतली विजेच्या सामानाची दुकानं पालथी घातली. "आंटी, कूलर का पंप ले जाओ." होडीसाठी म्हटलं की दुकानदार माझ्या मागे बघतो, कोणी पुरुष आलाय का. शेवटी एक मिळाला, छोटा. ह्यांना फोटो पाठवला. उत्तर काय, तर "ह्येच्यान चूळ भरूक होईल." ठेवून आले.

११ नोव्हें.
माझगावात दुकान सापडलं. दोन जाती आहेत म्हणे. एकाला बटण, आपण जाऊन दाबायचं. दुसरा आपोआप. पाणी चढलं की तरंगता खटका उचलला जातो, पंप सुरू. ओसरलं की बंद. मला हाच हवा. घरून, लालबागहून, कोणी शिवडीला जायलाच नको. ह्यांना बटणवाला. का? "माणसाक कळाक होया, पाणी किती इला ता." अहो, माणूस खाटेवर आहे ना!

१२ नोव्हें.
नुसती कटकट. बॅटरी भिजेल, वायर उंदीर खातील. होडीत उंदीर! आणि वर रोजचं पालुपद, बरा झालो की होडी घेऊन खाडीबाहेर जाणार, एकटाच.

१४ नोव्हें.
घेतला. आपोआपवाला. न विचारता. शेजारच्या होडीवाल्या दत्तारामने बसवून दिला. नळीतून फस्सकन पाणी बाहेर पडलं तेव्हा एकटीच हसले. घरी सांगितलं, तर हे भिंतीकडे तोंड करून झोपले. झोपा.

१६ नोव्हें.
सकाळीच दत्तारामचा फोन. होडी अर्धी भरलीय, पंप बंद. धावत गेले. दुकानदाराला यथेच्छ शिव्या घातल्या. दत्तारामने खटका हलवून बघितला. मग म्हणाला, "वहिनी, पंप चांगलो हा. थांबलोच नाय, म्हणून बॅटरी उतरली."
घोटाभर पाण्याला?
तेव्हा दत्ताराम फुटला. ह्यांनीच त्याला सांगितलं होतं, सकाळी नि रात्री तू उपस, हिला बोलू नको. पंप आला म्हणून ह्याने उपसायचं सोडलं. तळाची फळी दाबून बघितली, कुजलेली. बोट आत जातं.
म्हणजे ऑपरेशनआधी दिवसातून तीनदा "बंदरावर फेरी मारून येतो" ते हे, पाणी उपसायला. ह्यांना सगळं माहीत होतं. त्यातूनच ते हर्नियाचं... आणि ह्या होडीत बसून एकटे जाणार होते!

१७ नोव्हें.
विचारलं तोंडावर. ठाऊक होतं ना? हळूच म्हणाले,
"पंप काढून टाक गे. पंप नव्हतो तोपर्यंत होडी बरी होती."
कालपासून भांडायची तयारी केली होती. उठून ह्यांची गोळी आणून दिली.
दत्तारामला आज सांगायचंय, होडी वर ओढून सुताराला दाखवायची की कायमची वरच ठेवायची. त्याचा फोन दोनदा वाजला. हे बघत होते, उचलते का.